अर्धा जॉब

“या कोपऱ्याला काय झालं?” डेलनं विचारलं, आणि गेली सदतीस वर्षं आपण लसूण नेमका एकाच कोपऱ्यानं ठेचत आलो आहोत, हे शैलजाला पहिल्यांदाच कळलं.

डेलच्या हातात तिचा टी होता. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा, तळहातात मावेल एवढा, बोटभर जाडीचा लोखंडी तुकडा. डेल सत्तरीला टेकलेला होता, जन्मापासून जॉर्जियातच वाढलेला, आणि एकेक शब्द तोंडात घोळवून बोलायचा. कम्युनिटी कॉलेजच्या शॉपमध्ये, म्हणजे वर्कशॉपमध्ये, तो मशीनिंग आणि वेल्डिंग शिकवत असे. अख्खा वर्ग त्याला डेल म्हणे. शैलजाला काही केल्या ते जमेना. गुरूला नावानं हाक मारायची म्हणजे जीभच वळत नव्हती. शेवटी तिनं ‘डेल सर’ असा मधला मार्ग काढला आणि दोन महिन्यांत डेलनंही हात टेकले.

“गार्लिक,” ती म्हणाली.

“गार्लिक?”

“आणि कोकोनट. आणि थोडे हार्ड नट्स.” सुपारीला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला ऐन वेळी आठवेना.

डेलनं कोपऱ्याला मायक्रोमीटर लावला, चष्मा कपाळावर ढकलून आकडा वाचला आणि हलकेच शीळ घातली. “मॅम, चाळीस थाऊ गेलेत इथं.”

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. असे चाळीस म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. घरात एक मिलिमीटरला कोण विचारतो! पण या शॉपमध्ये दोन थाऊंची चूक झाली तरी लाल पेन निघायचं. कोर्सच्या शेवटी प्रत्येकानं स्वतः निवडलेला एक जॉब, म्हणजे हातानं घडवलेली एक वस्तू, करून दाखवायचा होता. शैलजानं दीड महिन्यापूर्वी ड्रॉइंग देऊन ते मंजूर करून घेतलं होतं. तिच्याकडचा हा टी, आणि तो ज्यात सरकून बसेल अशी खाच असलेला दुसरा तुकडा. टी ची मापं तिनं आठवणीतून घातली होती. फळ्यावर सरांनी लिहिलेली मापं तिला सदतीस वर्षांनंतरही तोंडपाठ होती. टी मोजून मात्र बघितला नव्हता. आपल्या हातानं केलेला, सरांनी पास केलेला. त्याला काय मोजायचं?

“ड्रॉइंगमध्ये हा कोपरा काटकोनात आहे,” डेल म्हणाला. “इथं तो नाही. मी सही कशावर करू? हे एक माप चुकलं तर तुम्ही नापाससुद्धा होऊ शकता.”

शैलजानं टी परत घेतला. हाताला तो नेहमीसारखाच लागला. झिजलेल्या कोपऱ्यावर अंगठा बरोबर बसत होता.

“घाबरू नका,” डेल म्हणाला. “वेल्डिंगनं कोपरा भरून काढा, ग्राइंड करा, पुन्हा काटकोनात आणा. टिग वेल्डिंगमध्ये तुमच्याइतका साफ हात या वर्गात कोणाचा नाही. अर्ध्या तासाचं काम. गुरुवारी मी तपासणार आहे.”

ते सोमवारी झालं.

* * *

कोल्हापूरच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला बावीस मुलं होती आणि एक मुलगी. ती मुलगी म्हणजे शैलजा. तिचे वडील उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर होते. मुलगा झाला नाही म्हणून रडत बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मुलीला लोखंडाचा वास आवडतो हे त्यांनी लहानपणीच ओळखलं होतं. शाळेतून परस्पर कारखान्यात येऊन ती लेथखाली पडलेल्या किसाच्या वेटोळ्यांशी खेळत बसायची. बारावी झाल्यावर ते तिला सायकलवर पुढं बसवून फॉर्म भरायला घेऊन गेले, तेव्हा अख्ख्या गल्लीनं तोंडात बोट घातलं होतं.

शिकवायला मोरेश्वर टिपुगडे नावाचे सर होते. खाकी शर्ट, खिशाला स्टीलची पट्टी, आणि डोळे असे की दहा पावलांवरून चूक दिसावी. सहा महिने त्यांनी मुलांना दुसरं काही करूच दिलं नाही. कानस आणि लोखंडाचा ठोकळा, बस्स. ठोकळ्याची बाजू घासून सपाट करायची, काटकोन तपासायचा गुण्या लावायचा आणि सरांकडे न्यायचं. सर तो गुण्यासकट खिडकीकडे धरत, एक डोळा मिटत आणि म्हणत, “उजेड दिसतोय.”

म्हणजे परत जा. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, तर बाजू सपाट नाही. बाकी सगळ्या जगात उजेड दिसला की माणसं खूश होतात. टिपुगडे सरांच्या वर्गात मात्र उजेड दिसला की पोरं मान खाली घालून परत टेबलावरच्या व्हाइसच्या पकडीकडे वळत. शैलजाच्या तळहाताला पहिल्या महिन्यात फोड आले, दुसऱ्या महिन्यात घट्टे पडले, आणि आईनं कपाळाला हात लावला. या हातांवर मेंदी कशी रंगायची, हा तिचा प्रश्न होता.

वर्षाअखेरच्या मोठ्या जॉबचं नावच मुळी मेल-फिमेल फिटिंग. एक नर तुकडा, एक मादी तुकडा. टी खाचेत सरकायला हवा. ढिला नको आणि ठोकावाही लागता कामा नये. काढून, उलटा फिरवून घातला तरी तसाच बसायला हवा. हे नाव फळ्यावर लिहिलं गेलं तेव्हा बावीस मुलं एकदम खोकायला लागली. सर वळले आणि म्हणाले, “हसतायसा कशाला रं? आधी बसवून दाखवा, मग हसा.”

शैलजाचा टी बारा दिवसांत झाला. तेराव्या दिवशी सरांनी तो खिडकीकडे धरला, चारी बाजूंनी फिरवला, पुन्हा धरला. “आज उजेड न्हाई गं पोरी,” ते म्हणाले. आयुष्यात तिचं पुष्कळ कौतुक झालं असेल-नसेल, पण इतकं खरं कौतुक पुन्हा कोणी केलं नाही.

आणि त्याच आठवड्यात पुण्याचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, कॉम्प्युटरमधला, घरचे घाईत. लग्नाची तारीख आणि परीक्षेची तारीख एकच निघाली. टिपुगडे सर पत्रिका हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. “मुहूर्त अकरा चाळीसचा हाय न्हवं?” ते म्हणाले. “सकाळी सातला ये. तीन तास कानस मार आन् मग जा बोहल्यावर. हळद लागलेल्या हातानं काय कानस धरता येत न्हाई?” ते थट्टेनं म्हणाले नव्हते. शैलजाला ते ठाऊक होतं, पण घरात ते बोलून दाखवायची तिची छाती झाली नाही. निकालाच्या कागदावर तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ असा शेरा आला.

सरांनी टी तेवढा तिला देऊन टाकला. “दुसरा भाग कर कधीतरी,” ते म्हणाले.

* * *

सासूबाई पुण्यात सगळ्यांना सांगत, “सून इंजिनिअरिंगचं शिकली आहे.” हे अगदीच खोटं नव्हतं, आणि शैलजानंही ते कधी खोडून काढलं नाही. पुढं नवऱ्याबरोबर, श्रीरंगबरोबर, ती अमेरिकेत आली तेव्हा बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी टी होता. जॉर्जियातल्या अल्फारेटाच्या घरात त्याला कामं आपोआप मिळत गेली. लसूण ठेचणे, वेलदोडे कुटणे, नारळ फोडणे, पनीरवर वजन म्हणून बसणे. मुलगी झाली, केया. तिला अक्षरओळख करून देताना शैलजानं टी कागदावर ठेवून भोवती खडू फिरवायला शिकवलं. इतर अक्षरं पुस्तकातून आली, टी स्वयंपाकघरातून.

एकदा मात्र विषय निघाला होता. नवीनच आले होते ते, श्रीरंगचा मित्र राजेश याच्या बेसमेंटमध्ये गणपतीचं जेवण होतं. राजेशच्या बायकोनं, सुलेखानं, विचारलं, “वहिनी, इंडियात जॉब करत होतात का?”

“जॉब अर्धाच राहिला माझा,” शैलजा म्हणाली.

“म्हणजे पार्ट-टाइम?”

तेव्हा शैलजाला हसू आलं आणि तिनं भाबडेपणानं सगळं सांगून टाकलं. आयटीआयमध्ये जॉब कशाला म्हणतात, टी काय, खाच काय, मेल-फिमेल काय. तिला वाटलं होतं, एवढ्या इंजिनिअरांच्या घोळक्यात निदान एकाला तरी कळेल. पण श्रीरंगनं मध्येच ताट बाजूला ठेवून म्हटलं, “म्हणून तर आमचं लग्न जमलं यार! बायको फिटर, एकदम परफेक्ट फिटिंग!” बेसमेंट दणाणून गेलं. राजेशला तर ठसका लागला. शैलजाही हसली. हसायचं नाही तर काय करायचं? त्यानंतर तिनं तो विषय पुन्हा काढला नाही आणि लोकांनीही विचारलं नाही. शाळेच्या कॅफेटेरियात तिनं एकोणीस वर्षं काम केलं, मुलांच्या ट्रेमध्ये पिझ्झाचे तुकडे वाढले, आणि कोणी विचारलं तर ‘जॉब करते’ एवढंच सांगितलं.

गेल्या वर्षी ती नोकरी सोडली. घरात पाय ठरेना. कम्युनिटी कॉलेजचं पत्रक लायब्ररीत पडलेलं होतं. कव्हरवर व्हाइसमध्ये धरलेला ठोकळा होता. ते तिनं पर्समध्ये घातलं तेव्हा चोरी केल्यासारखी ती इकडंतिकडं बघत होती.

“वेल्डिंग?” श्रीरंग म्हणाला होता. “अगं, साठी आली. लोक योगा करतात, पेंटिंग करतात.”

“मला योगा येत नाही.”

“वेल्डिंग येतं?”

“ते शिकायलाच चाललेय,” ती म्हणाली.

पहिल्या दिवशी डेलनं नियम सांगितला: अंगठ्या, साखळ्या, बांगड्या काही चालणार नाही, मशीन ओढून घेतं. शैलजा गाडीत जाऊन बसली, मंगळसूत्र काढलं आणि रुमालात गुंडाळून ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये ठेवलं. एकदा मंगळसूत्रासाठी व्हाइस सोडला होता, आता व्हाइससाठी मंगळसूत्र. तिला आधी कसंसंच झालं, मग एकटीच खुदकन हसली.

शॉपचं दार उघडल्यावर कटिंग ऑइलचा वास आला. तो वास सगळीकडे एकच असतो. ती दारातच थांबली आणि पाठीमागच्या मुलाला “एक्स्क्यूज मी, मॅम” म्हणावं लागलं.

* * *

सोमवारी संध्याकाळी केयाचा फोन आला. ती बॉथेलला बायोटेक कंपनीत होती आणि रोज गाडी चालवताना आईशी बोलायची.

“आई, बाबा म्हणाले तू टी नेलास. फ्रॉम द किचन! पनीर कसं करताय मग?”

“राजम्याचा डबा ठेवतात. सारखा कलंडतो.”

“ओ माय गॉड. पुअर पनीर.”

शैलजानं तिला कोपऱ्याचं सांगितलं. उद्या तो वेल्डिंगनं भरून टाकणार, पुन्हा नव्यासारखा होईल, असंही सांगितलं. पलीकडे केयानं गाडी कडेला घेतली. इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत होती.

“दॅट कॉर्नर?” ती म्हणाली. “आई, डू यू नो, किंडरगार्टनमध्ये माझा टी नेहमी चुकायचा. एक बाजू राउंड. टीचर म्हणायची, केया, युअर टी इज मेल्टिंग. आय टोल्ड हर, नो, टी असाच असतो. माझ्या आईचा टी असाच आहे.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“यू नेव्हर आस्क्ड. अँड आय लाइक्ड इट. आय स्टिल राइट इट लाइक दॅट, यू नो. ऑन एव्हरी कार्ड.” केया हसली. “पण तू कर हं फिक्स. यू शुड गेट युअर ए. यू वेटेड लाँग इनफ.”

फोन ठेवल्यावर शैलजानं फ्रीजवरची केयाची जुनी वाढदिवसाची कार्डं काढून पाहिली. ‘टू आई.’ प्रत्येक टी ची उजवी बाजू खाली ओघळलेली. ही कार्डं तिनं शंभर वेळा वाचली असतील. उतावळ्या पोरीचं अक्षर, एवढंच तिला वाटत आलं होतं.

मंगळवारी सकाळी ती वेल्डिंग बूथमध्ये बसली. टी टेबलावर पक्का धरला होता. टिग वेल्डिंगला एका हातात वेल्डिंगचा टॉर्च, दुसऱ्या हातात तार आणि पायाखाली पेडल. शिवणयंत्र चालवणाऱ्या बाईला ते लवकर जमतं, असं तिचं मत होतं आणि डेलला ते पटलं होतं. तिनं हेल्मेट खाली ओढलं. आता पेडल दाबायचं, कोपरा वितळून लाल थेंब होईल, त्यात तार बुडवायची, थेंबावर थेंब. अर्ध्या तासात सदतीस वर्षांची झीज भरून निघेल. मग गुरुवारी सगळी मापं बरोबर, डेलची सही, आणि तिच्या नावाचा कागद. तो कागद तिला हवा होता. उगाच साधूपणाचा आव आणण्यात अर्थ नाही. तिला तो फार हवा होता. ‘गैरहजर’ हा शब्द तिला पुसून टाकायचा होता.

पाय पेडलवर होता. दाबला मात्र जाईना.

या कोपऱ्यावर काय काय ठेचलं गेलं होतं. सासूबाई आल्या तेव्हा त्यांच्यासाठी बारीक कुटलेली सुपारी. वडील गेल्याचा फोन आला त्या दिवशी निम्मा ठेचून तसाच राहिलेला लसूण. केयाच्या बारशाचा नारळ. तिनं आयुष्यात लोखंडाचं दुसरं काही कामच केलं नाही असं तिला इतकी वर्षं वाटत होतं. आणि हा कोपरा तर तिनं रोज केला होता, थोडा थोडा, न मोजता.

तिनं हेल्मेट वर केलं. टी सोडवला आणि बूथमधून बाहेर आली.

“झालं?” डेलनं विचारलं.

“नाही करणार, डेल सर.”

“मॅम, ड्रॉइंग आता बदलता येत नाही. तारीख गेली. मला ते माप लाल करावं लागेल.”

“करा लाल,” शैलजा म्हणाली. “दुसरा तुकडा मी याच्या मापानं करते. जसा हा आहे तसा.”

डेलनं फॉर्मवर त्या मापाशी पेन्सिलनं खूण केली. “तुमची मर्जी,” तो म्हणाला.

तिनं नव्या लोखंडाला निळा रंग फासला, त्यावर टी ठेवला आणि टोकदार सळईनं भोवती रेघ ओढली. केया खडू फिरवायची तशीच. उजव्या कोपऱ्यावर रेघ आपोआप वळली.

* * *

खाचेचं ढोबळ काम मिलिंग मशीननं दोन तासांत केलं. उरलेलं काम कानशीचं होतं. आजूबाजूची मुलं कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनसमोर उभी राहून बटणं दाबत होती आणि मधूनच या बाईकडे बघत होती. टी ला निळा रंग लावायचा, खाचेत सरकवायचा, काढायचा, जिथं निळं लागलं असेल तिथं कानस फिरवायची. पुन्हा रंग, पुन्हा कानस. मंगळवारी दुपारी डावा हात भरून आला. बुधवारी तळहाताला फोड आला आणि तो तिनं श्रीरंगला न दाखवता पट्टीखाली झाकला.

“त्यासाठी आमच्याकडे मशीन आहे,” डेल एकदा शेजारी येऊन म्हणाला.

“माहिती आहे. पण हा सरळ नाही ना. मशीनला हा कळणार नाही.”

डेल गेला नाही. हात मागं बांधून उभा राहिला. “मला ज्यानं शिकवलं तो असंच करायचा,” थोड्या वेळानं तो म्हणाला. “शेवटचा हात कानशीचा. मी हे विसरलोच होतो.”

बुधवारी शॉप बंद व्हायच्या सुमारास टी खाचेत गेला. ठोकावा लागला नाही. हवा दबल्याचा बारीकसा सुस्कारा आला आणि तो बसला. तिनं तो काढून उलटा फिरवून पाहिला. बसला नाही, काटकोनी कोपरा गोल खाचेत कसा जाणार? टिपुगडे सर असते तर म्हणाले असते, दोन्हीकडनं बसाय पायजे. पण हा एकाच बाजूनं बसत होता. शैलजानं तो पुन्हा सुलटा घातला आणि दोन्ही हात त्यावर ठेवून जराशी उभी राहिली. सर आज ऐंशी पार करून असतील, किंवा नसतीलही. तिनं कधी चौकशी केली नव्हती. अर्धा जॉब घेऊन कोणत्या तोंडानं करायची?

गुरुवारी डेलनं एकेक माप घेतलं आणि फॉर्मवर खुणा केल्या. बरोबर, बरोबर, बरोबर. कोपऱ्यापाशी आल्यावर त्यानं लाल पेन उचललं आणि ठरल्याप्रमाणे गोल केला. मग टी खाचेत सरकवला, उलटा घालून पाहिला, बसला नाही म्हणून दुसरा लाल गोल केला. माणूस सरळ होता, त्यामुळे शैलजाला वाईट वाटलं तरी राग आला नाही.

नंतर मात्र त्यानं फॉर्मवर नसलेली एक गोष्ट केली. खिशातून टॉर्च काढला, जोडलेल्या तुकड्यांच्या पाठीमागं धरला आणि एक डोळा मिटला. फिरवत फिरवत सगळी कड बघितली.  तिकडं दूर कोल्हापुरात खिडकीपाशी उभे असलेले खाकी शर्टातले सर आणि हे निळ्या शर्टातले सर, दोघांनी एकच डोळा मिटला होता.

डेलनं टॉर्च खिशात ठेवला. फॉर्मच्या तळाशी रिकाम्या ओळीत त्यानं दोन शब्द लिहिले, सही केली आणि कागद तिच्या हातात दिला.

ग्रेड सी. अगदी काठावर पास. खाली लिहिलं होतं: नो लाइट.

* * *

घरी आली तेव्हा श्रीरंग ओट्यापाशी होता. मलमलीच्या फडक्यात पनीर बांधलेलं, त्यावर ताटली, ताटलीवर राजम्याचा डबा, आणि तो डबा कलंडू नये म्हणून श्रीरंगनं त्यावर हात धरलेला.

“आलीस? काय झालं?”

“पास. काठावर.”

“काठावर? तू?” तो हसला. “शाळेत कधी नापास झाले नाही म्हणून मला ऐकवायचीस ना!” मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसू आवरतं घेतलं. “बघू.”

शैलजानं पिशवीतून जोडलेले तुकडे काढून त्याच्या हातात दिले. नवा तुकडा लखलखीत, मधला टी काळपट. श्रीरंगनं ते आलटून पालटून पाहिलं, आणि जोड कुठं आहे ते बोटानं चाचपडून बघितलं.

“खिडकीकडे धरा,” ती म्हणाली. “एक डोळा मिटा. आणि दोघांच्या मधून बघा.”

त्यानं डब्यावरचा हात काढला. अंगणाकडच्या काचेच्या दारापाशी गेला. बाहेर अजून चांगलं ऊन होतं. त्यानं जोड डोळ्यांसमोर धरली, एक डोळा मिटला, मान वाकडी केली, मग दुसऱ्या बाजूनं पाहिलं.

“अगं, मला काहीच दिसत नाहीये,” तो ओशाळून म्हणाला. “चष्म्याचा नंबर वाढला बहुतेक.”

“नंबर नाही वाढला,” शैलजा म्हणाली. “तेच बघायचं असतं. काही दिसत नाही तेच.”

श्रीरंगनं चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. या वेळी सावकाश पाहिलं, एकेक कड, सूर्याकडे तोंड करून. त्याला आता समजत चाललं होतं. माणूस इंजिनिअर होता शेवटी.

“कुठंच नाही,” तो हळूच म्हणाला. “हे हातानं केलंस?”

“हो.”

“आणि हा टी पण? तेव्हा?”

“हो. विसाव्या वर्षी.”

“आणि आपण हा पनीरवर ठेवत होतो.” त्यानं टी वरून अंगठा फिरवला. “तू कधी बोलली नाहीस, शैला.”

“बोलले होते,” ती म्हणाली. “एकदा.”

श्रीरंग आठवू लागला. आणि त्याला आठवलं. त्याची लाली कानांच्या पाळ्यांपर्यंत चढलेली तिला ओट्यापासून दिसली.

“मी हसलो होतो,” तो म्हणाला.

“सगळेच हसले होते. मीसुद्धा.”

ओट्यावरचा डबा हळूहळू एका अंगाला सरकला, ताटलीवरून घरंगळला आणि सिंकमध्ये जाऊन आपटला. उचलायला कोणीच गेलं नाही. शैलजानं ग्लव्ह कंपार्टमेंटमधून आणलेला रुमाल सोडला, मंगळसूत्र काढून गळ्यात घातलं आणि चहाचं आधण ठेवलं. पाण्याला उकळी फुटली, आलं किसून झालं, साखर पडली. तिनं वळून पाहिलं तेव्हा श्रीरंग अजून दारापाशीच उभा होता. एक डोळा मिटून, जोड उजेडासमोर धरून, कुठं एखादी रेघ तरी दिसते का ते शोधत होता.